खोडलेली सतरा नावे

रिठद,
गुरुवार, २३ जानेवारी १९५८

डॉ. हेमसिंग राठोड,
पाहणी अधिकारी, बालवाढ पाहणी समिती, नागपूर

महाशय,

मंगळवार, दिनांक २१ जानेवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी केनवडच्या शाळेच्या ओट्यावर, माझ्या डोळ्यांदेखत, आपण खिशातून लाल पेन्सिल काढलीत आणि सतरा मुलांची नावे खोडलीत. वेळ मी शाळेच्या घड्याळात पाहिली. ते चार मिनिटे पुढे असते असे हेडमास्तर म्हणाले, तेव्हा हवे तर दहा छत्तीस धरा. कृत्य तेच राहते.

"बाई, तांड्याचं जमणार नाही," एवढेच आपण बोललात. जीपचे इंजिन चालूच होते. पुढच्या बाकावर बसलेले आपले वरिष्ठ रुमालाने मान पुसत होते, जानेवारी महिन्यात. मी कारण विचारले तर "परिपत्रक येईल" म्हणालात. मी चहा मांडला होता. तो मास्तरांनी प्यायला.

हे पत्र फायलीत जाईल आणि फाईल उघडणाऱ्याला मी कोण ते ठाऊक नसेल, म्हणून लिहून ठेवते. मी प्रयाग इंगळे, वय अठ्ठावन्न. नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकले, सिस्टरांच्या हाताखाली नर्स झाले आणि तीस वर्षे केनवडच्या दवाखान्यात सरकारी नर्स होते. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. निवृत्त म्हणजे निकामी नव्हे, हे समितीलाही पटले असावे. नाहीतर दोन वर्षांपूर्वी आपल्या समितीने मला सल्लागार नेमून माझ्या अकरा जुन्या नोंदवह्या मागवून घेतल्या नसत्या.

आता बेत काय ठरला होता तेही लिहिते, कारण ठरवलेले विसरण्याची समितीला सवय दिसते. गेल्या होळीपासून येत्या होळीपर्यंत केनवड, रिठद आणि दौलतसिंग नाईकांचा तांडा या तीन ठिकाणी जन्मलेले प्रत्येक मूल यादीत घ्यायचे. ते बारा वर्षांचे होईपर्यंत त्याच्या मागे राहायचे. वजन, उंची, दात कधी आले, पाऊल कधी टाकले, कोणता आजार झाला, काय खाल्ले. आपल्याकडे मूल जन्मले की नोंद होते आणि मेले की नोंद होते. मधल्या दिवसांत ते कसे वाढते आणि का वाढत नाही, हे कुणी लिहिलेले नाही. ते लिहायचे होते. शिवाय दर खेपेला डॉक्टर प्रत्येक मुलाला तपासणार, औषध तिथल्या तिथे देणार, असे आपण स्वतः केनवडच्या बैठकीत उभे राहून सांगितलेत. एकशे बारा नावांची यादी मी घरोघर फिरून केली. आता तिच्यात पंच्याण्णव राहिली.

तांड्यावरच्या सतरा आयांना मी काय सांगितले होते ते आपल्याला माहीत आहे. त्यांच्या मुलांना बारा वर्षे डॉक्टर पाहील, असे सांगितले होते. त्यांनी माझ्या शब्दावर मुले तागडीत ठेवली. मूल तोलले की घटते, अशी त्यांची भीती. म्हणून एका पारड्यात मूल आणि दुसऱ्यात आईने घरून आणलेली ज्वारी, अशी मी तोलली. मग ती ज्वारी मोजून पौंड लिहिले आणि ज्वारी आईला परत दिली. मूल तोललेच नाही, ज्वारी तोलली, असे सगळ्यांचे समाधान. समितीने पाठवलेला आकड्याचा काटा मी पेटीतच ठेवला आहे. त्याला मुलाला लटकवू देईल अशी आई मला अजून भेटायची आहे.

खुलासा हवा. सहा वर्षांत आपले मला एकही पत्र नाही. सरकारी का होईना, एक येऊ द्या.

प्रयाग इंगळे

*

रिठद,
सोमवार, ३ फेब्रुवारी १९५८

डॉ. हेमसिंग राठोड यांस,

परिपत्रक मिळाले. खुलासा नाही मिळाला. "पाहणी स्थिर लोकवस्तीपुरती मर्यादित ठेवण्यात येत आहे. जानेवारीच्या भेटीत तांडा रिकामा आढळला. रहिवाशांचे सहकार्य नाही."

सहकार्य नाही! तांडा जानेवारीत रिकामा असतो हे आपल्या वरिष्ठांना माहीत नसेल. ते पुण्याहून आले आहेत, त्यांना पुष्कळ गोष्टी माहीत नसतील. आपल्याला माहीत नव्हते काय?

दौलतसिंग नाईक परवा सात मैल चालत इथे आले. त्यांनी मला त्या दिवशीची हकीकत सांगितली. जीप तांड्याच्या तोंडाशी उभी राहिली. घरांना कुलपे. ओसरीवर चार म्हातारी माणसे. साहेब खाली उतरले नाहीत. आपण उतरलात, पण पाच पावलांवर थांबलात. नाईक म्हणाले, "बाई, म्या राम राम केला. त्यानं मले मराठीत इचारलं, 'इथली माणसं कुठं गेली?' म्या म्हनलं, बापा, तुले नाई माईत? तू पाच वर्साचा असतानी मायच्या पाठीवर बसून तूबी तिकडंच गेलता. मंग गोमतीबाई पानी घेऊन आली. लोटा तसाच हातात राह्यला तिच्या. सायेब संगं होता नं."

गोमतीबाई म्हणजे तुझी आई, हेमसिंग. फायलीसाठी हेही लिहून ठेवते.

आता मला "आपण" म्हणवत नाही. ज्याला माझ्या ओट्यावर धुळाक्षरे गिरवायला बसवले, ज्याच्या पाटीवरचे "ख" मी एका दिवसात चाळीस वेळा पुसायला लावले, त्याला आपण म्हणताना मला माझेच हसू येते.

तर ऐक, आणि हे तुझ्या साहेबांनाही वाचून दाखव. तांडा दिवाळीनंतर जातो. कुणी पूर्णेकडे कापूस वेचायला, कुणी रस्त्यावर खडी फोडायला. आणि होळीला परत येतो. येतोच. वर्षभरात जन्मलेल्या मुलाची होळीला धुंड, म्हणजे पहिल्या होळीचा संस्कार, करायची असते. बाप कुठेही असो, मूल घेऊन तांड्यावर हजर होतो. मुकादमाने मजुरी अडवली तरी येतो. तुझीही धुंड त्याच तांड्यावर झाली, तेव्हा मी या भागात नवी होते आणि मला कुणीतरी मूठभर गूळ दिला होता. (मुलींची धुंड करत नाहीत, यावर माझे वेगळे पत्र होईल, पण ते मी नाईकांना लिहीन. मुलींनाही घेऊन येतात, एवढे आपल्या कामाला पुरे.) बारा वर्षे एकाच दिवशी, एकाच जागी, प्रत्येक मूल सापडेल अशी हमी तुझ्या स्थिर लोकवस्तीत कोण देतो? केनवडच्या निम्म्या सुना बाळंतपणाला माहेरी असतात.

तुझ्या कागदावर मोजणीचे महिने चार: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. त्यातला एक जानेवारीच काय तो चुकतो. चारऐवजी तीन मोजण्या कर. होळी, आषाढ, दसरा. अंतरे थोडी कमीजास्त होतील, ती आकडेमोड करणाऱ्याने सांभाळावी, त्याला पगार त्याचाच आहे. तारीख सहा आठवडे पुढे सरकवायची, तर तू मुले खोडलीस!

आणि हे तुला डॉक्टर म्हणून सांगते. दसऱ्याला तोललेले मूल होळीला परत तोलले, तर मधल्या कामाच्या महिन्यांत ते किती वाळले हे पहिल्यांदा कागदावर येईल. पाहणीला कळण्याजोगे जे आहे ते नेमके तिथे आहे. घरी बसून वरण-भात खाणारी मुले वाढतात, हे सांगायला बारा वर्षे आणि एक जीप लागत नाही.

शेजारची पंचफुला, माळीण, वांगी खुडता खुडता कुंपणावरून डोकावली आणि म्हणाली, "बाई, कायले एवढं लिवून राह्यल्या तुमी? इतकं पानी तं मी वांग्यालेबी देत नाही." मी म्हटले, मुलांची नावे खोडलीत, ती परत लिहून घ्यायची आहेत. ती म्हणाली, "माह्या नातवाचं हाये नं त्याच्यात?" आहे, म्हटले. "मंग ठीक हाये," म्हणाली आणि परत खाली वाकली. थोड्या वेळाने पुन्हा डोके वर. "तांड्यावरच्याईचं काहून खोडलं?" या प्रश्नाला तुझ्या परिपत्रकात उत्तर नाही.

१९३९ पासून एक होळी चुकवलेली नाही. दर होळीला मी तांड्यावर असते. सांगते ते पाहून सांगते.

उत्तर दे.

प्रयागबाई

*

रिठद,
शुक्रवार, १४ फेब्रुवारी १९५८

हेमसिंग,

तुझे उत्तर आले. चार ओळी. टंकलेखकाची चूक धरून साडेचार.

"आपल्याच सन १९३८च्या नोंदवहीत, पान एकेचाळीसवर, तांड्याची सर्व नावे एका रेषेने खोडून 'स्थलांतरित. नोंद बंद.' असा आपल्या अक्षरातला शेरा आहे. समितीने तीच पद्धत पुढे चालू ठेवली आहे. आपल्याच दाखल्यावर आपला आक्षेप का, हे समजत नाही. कळावे."

शाबास. माझीच वही, माझेच अक्षर, आणि तेच माझ्या तोंडावर.

१९३८ साली मी एकटी बाई होते. बावीस गावे, एक बैलगाडी, आणि बैल आजारी पडला की तीही नाही. वरून तपासनीस येई तो एवढेच विचारी, की किती नोंदी पूर्ण आणि किती अपुऱ्या. अपुऱ्या निघाल्या की बढती अडे. तांडा दिवाळीनंतर गेला. अपुरी नोंद ठेवण्यापेक्षा मी पान बंद केले. सगळेच करत. माझ्याआधीच्या नर्सने तर तांड्याचे पान उघडलेच नव्हते, मी निदान उघडले तरी होते. आणि ती बारा वर्षांची पाहणी नव्हती, महिन्याचा साधा तक्ता होता. त्या काळाचा दाखला या काळाला लावणे म्हणजे

हे वाक्य मी पूर्ण करत नाही.

तुला जीप आहे. तुला समिती आहे. आणि तुझ्या दारात तोंड उघडून सांगणारी म्हातारी बाई आहे, जी मला नव्हती. तेव्हा तू मला १९३८ सांगू नकोस.

एक विचारते. त्या पानावर शेरा वाचलास. शेऱ्याखालची नावे वाचलीस काय?

प्रयागबाई

*

रिठद,
गुरुवार, २० फेब्रुवारी १९५८
रजिस्टर्ड

हेमसिंग,

मागच्या पत्रात लिहिलेल्या सबबी खऱ्या आहेत. बैल खरा, तपासनीस खरा, बढती खरी. तरी त्या सबबीच आहेत. मी सहा दिवस त्यांच्याकडे पाहत बसले, आणि त्या माझ्याकडे.

आमच्या सिस्टर शिकवत, की चुकलेले खोडायचे तर एकाच सरळ रेषेने खोडा. गिरवून काळे करू नका. खाली काय होते ते पुढच्याला वाचता आले पाहिजे. मी ते तुला शिकवले, आणि परवा तू लाल रेघ मारलीस तीही तशीच एक सरळ, हे मी पाहिले. तर आता वही काढ. पान एकेचाळीस. वरून चौथी ओळ. सगळे वाचता येते.

"कमली. बाप सोमला. आई गोमती. वय अंदाजे सहा महिने. वजन तेरा पौंड. ठीक."

ही भाद्रपदातली नोंद. दिवाळीनंतर तुम्ही गेलात. दिवाळी सरल्यावर मी रेघ मारली.

त्या वर्षीही होळी पाच मार्चलाच आली होती, यंदासारखी. १९३९. रविवार होता. मी दवाखान्याच्या मागे माझ्या खोलीत होते. सकाळी तुझी आई आली. पदरात कमली. मी दार अर्धे उघडले. तिने पदर बाजूला केला नाही, आणि मी कर म्हटले नाही. मी आत जाऊन वही उघडली, रेघ पाहिली, आणि बाहेर येऊन म्हटले, "तांड्याचे पान बंद आहे. आज रविवार आहे. मंगळवारी या, नवे पान काढू." सोमवारी धुळवड होती म्हणून मंगळवार.

ती अडीच मैल परत गेली.

मंगळवारी मी नवे पान काढून ठेवले. कुणी आले नाही. दुपारी दौलतसिंगांच्या बायकोकडून कळले. तागडी घेऊन मी तांड्यावर गेले ती त्या दिवशी पहिल्यांदा, आणि तोलायला काही नव्हते. मूल किती वाळले होते ते मला माहीत नाही, हेमसिंग. सहा महिन्यांत तेरा पौंडांचे किती झाले, तो आकडा कुठेच नाही. तो मी घेतला असता तर कदाचित ती जगली असती, कदाचित नसतीही. मला ते लिहिता येत नाही, कारण मी पाहिलेच नाही.

"१९३९ पासून एक होळी चुकवलेली नाही," असे मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिले होते. आता कारण कळले.

गेल्या रविवारी मी केनवडपर्यंत मोटारीने आणि पुढे चालत तांड्यावर गेले. तुझ्या आईजवळ बसले. एकोणीस वर्षे मी दर होळीला त्या अंगणात बसते, पण ही गोष्ट कधी काढली नव्हती. त्या दिवशी काढली. म्हटले, गोमतीबाई, तुम्ही हेमसिंगला काय सांगितले होते?

"ताप आल्ता म्हनलं."

माझे नाव नाही घेतले?

ती चुलीपुढे बसली होती. फुंकणी खाली ठेवली. "तो तुमच्याच ओट्यावर अक्षर शिकत होता नं, बाई. सांगतलं असतं तं आला नसता. एक तं गेली होती. म्हनलं, एकाचं तं होऊ दे."

मी म्हटले, तुम्हांला माझा राग नाही आला?

"आला तं! लई आला. चार सालं तुमच्या दवाखान्यात पाय नाही टाकला मी. तुमाले दिसलं नाही?"

मला दिसले नव्हते. मी तेव्हा पूर्ण नोंदी मोजत होते.

मग तिने मला विचारले, "माह्या पोरानं पानी काहून नाही घेतलं, बाई? सायबापुढं लाज वाटली का त्याले?" मी म्हटले, असेल. ती म्हणाली, "साजरं हाये. पन लेकरायचे नावं काहून खोडले? त्याच्यात माहा पणतू हाये, प्रेमसिंगचा पोरगा. त्याची यंदा धुंड हाये."

प्रेमसिंग तुझा सख्खा पुतण्या. यादीत एकशे सातवे नाव, "प्रेमसिंगचा मुलगा, नाव ठेवायचे आहे." आडनाव लिहिलेले आहे. तू ते वाचून खोडलेस की न वाचता, हे मी विचारणार नाही. मला दोन्हींपैकी कोणते उत्तर जास्त वाईट हे ठरवता येत नाही. मी स्वतः वाचून खोडले होते.

आता हे पत्र वाचून तुला माझा संताप येईल. यावा. एकोणीस वर्षे उशिरा येतो आहे, त्याला मी अडवणार नाही. यापुढे मला बाई म्हणू नकोस हवे तर. पण त्या संतापात एक चूक करू नकोस. बाईनेच असे केले, मग मी केले तर काय, असे म्हणू नकोस. तू मला दाखला म्हणून पुढे केलेस, तो दाखला हा असा आहे. त्याच्याखाली तुझी बहीण आहे. आता लाव समितीला.

मला क्षमा नको. मागितलेली नाही, पाठवू नकोस. मला हवे आहे ते हे: यादी पुन्हा एकशे बाराची. तांड्याची मोजणी होळीला, आषाढात, दसऱ्याला. आणि परिपत्रकातले "सहकार्य नाही" हे शब्द मागे. सहकार्य कुणाचे नव्हते ते तुला आणि मला चांगले माहीत आहे.

बुधवार, पाच मार्चला होळी आहे. मी तागडी घेऊन तांड्यावर असेन. सतरा आया ज्वारी घेऊन येतील, नाईकांनी निरोप धाडले आहेत. पान बंद आहे, हे त्यांना सांगायचेच असेल, तर या वेळी ते मी सांगणार नाही. तुला यावे लागेल, जीप थांबवावी लागेल, इंजिन बंद करावे लागेल, आणि प्रत्येकीच्या मुलाकडे पाहून सांगावे लागेल. पहिला नंबर तुझ्या आईच्या दाराचा.

लेखी उत्तर पाठव. होय किंवा नाही, तुझ्या सहीचे, समितीच्या शिक्क्याचे. माझ्याविषयी काय वाटते ते वेगळ्या कागदावर लिही, तोही वाचीन, पण आधी हा. शनिवार, १ मार्च १९५८, संध्याकाळी पाच, रिठदचे पोस्ट बंद होण्यापूर्वी तो माझ्या हातात हवा. चार वाजल्यापासून मी खिडकीशी उभी असेन.

प्रयाग इंगळे